कुणाची भाकर भाजायची?

दयानंद सरांचा लातुरात क्लास होता. आधी अकरावी-बारावीचा. पोरं मिळंनात म्हणून दहावीचा केला, मग आठवीचा, मग पाचवीचा. असं एकेक पायरी उतरत उतरत माणूस शेवटी रेणापुरात नर्सरीपर्यंत येऊन पोचला. याच्याखाली आता पाळणाच राहिला होता, पण ते जाऊ द्या. बसस्टँडसमोर फ्लेक्स लागला : ‘नीट २०४० फाउंडेशन बॅच. वय तीन वर्षे पूर्ण. मोजक्या जागा.’ आठ दिवसांत तेवीस पोरं भरली, खोटं नाही सांगत! ज्यांच्या चड्ड्या अजून ओल्या होत होत्या ती डॉक्टरकीच्या तयारीला बसली.

शिकवायला शिवकांताबाई ठेवल्या. बाईंनी चौदा वर्षं स्वतःच्या अंगणात बालवाडी चालवली होती. आईबापांनी फ्लेक्स वाचला आणि पोरं उचलून इकडं आणली, मग पोरांच्या मागं बाईही आल्या. करणार काय? लेक आरती लातुरात नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती आणि घरात कमावणाऱ्या बाई एकट्याच. हे काम गेलं तर आरतीला शिक्षण सोडून घरी बोलवावं लागणार, हे बाईंना रोज सकाळी चपला घालताना आठवायचं.

पहिल्याच दिवशी सरांनी सांगून टाकलं, “बाई, गाणी बंद, गोष्टी बंद, मातीत खेळणं बंद. आपल्याला ओएमआर शीट करायची हाय. पोराला गोल काळा करता आला पाहिजे. रेघ बाहेर गेली की मार्क गेला. मार्क गेला की सीट गेली.”

आता तीन वर्षांच्या पोराला गोल दिला तर ते काय करणार? कुणी त्याला डोळे काढले, कुणी शेपूट लावलं. एकानं तर गोल कागदासकट खाल्ला. पंधरा दिवस बाई डोकं धरून बसल्या. मग एक दिवस त्यांना सुचलं. “अरे, हा गोल न्हाईच,” त्या म्हणाल्या, “ही भाकर हाय. पेन्सिलनं भाजायची. कच्ची ठेवायची न्हाई, करपली तरी चालंल. पण तव्याच्या बाहेर जाऊ द्यायची न्हाई.”

झालं! पोरं मान खाली घालून अशी भाकरी भाजायला लागली की विचारू नका. बिलकीसचा नबील तर मधूनमधून बोटावर फुंकर मारायचा. एका कागदावर एक मोठा गोल, रोज एक भाकर. सरांनी खिडकीतून बघितलं आणि खूश झाले. “लई भारी, बाई!” म्हणाले. बाईंना त्या दिवशी आपलं काम पक्कं झाल्यासारखं वाटलं.

दिवाळीच्या आधी पहिली टेस्ट ठेवली. आईबापांना बोलावलं, लातूरहून मार्क मोजायचं मशीन आणलं. सरांनी माइकवर शंभर टक्के निकालाची हमी दिली आणि बाईंना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “निकाल पडला तर दिवाळीनंतर येऊ नका.” पेपर फुटू नये म्हणून पाकीट सीलबंद होतं. कुणाकडं फुटणार होता, देव जाणे! पाकीट उघडलं तेव्हा बाईंनी पेपर पहिल्यांदा बघितला. एकेका प्रश्नाला चार चित्रं आणि चार चित्रांखाली चार गोल.

बाई वाचायला लागल्या, “गाय कुठली? तिच्याखालची भाकर भाजा.” पोरांनी शेवटचे दोन शब्द तेवढे ऐकले आणि कामाला लागली.

मशीनमध्ये पहिला कागद गेला. लाल दिवा, शून्य. दुसरा, शून्य. बावीस कागद गेले, एकवीस शून्यं आली. पोरांनी एकूण एक गोल भाजले होते. नबीलचा कागद तर अडकूनच बसला, कारण त्यानं प्रत्येक प्रश्नाला पाचवा गोल स्वतः काढून भाजला होता.

“आमच्या घरी पाच माणसं हाईत न्हवं, सर,” त्याची आई बिलकीस अगदी साधेपणानं म्हणाली.

तेविसावा कागद सरांच्या भाच्याचा, सत्यमचा. हिरवा दिवा लागला! गड्यानं सगळीकडं पहिलाच गोल भाजला होता. विसातले पाच बरोबर आले.

“शाब्बास! एकच का भाजलास रे?”

“ही माझी.”

“आणि बाकीच्या?”

“बाकीच्यांचं मला काय?”

सरांनी त्याला उचलून खांद्यावर घेतलं. “ह्याला म्हणतात फोकस! हा होणार डॉक्टर!” आईबापांनी टाळ्या वाजवल्या. एका बापानं आपल्या पोराला चिमटा काढून सांगितलं, “बघ, शीक जरा.”

“बाई, दिवाळीनंतर हेच शिकवायचं,” सर म्हणाले. “आत्ता सगळ्यांसमोर एकीला शिकवून दाखवा. एकच भाजायची.”

बाईंच्या डोळ्यांसमोर आरती उभी राहिली. त्या साखराबाईंच्या नातीजवळ, ऋतुजाजवळ बसल्या आणि तिच्यापुढं कोरा पेपर ठेवला. पोरगी गोलांवर बोट ठेवत गेली. “ही आज्जीची. ही आईची. ही माझी.” चौथ्या गोलावर बोट थांबलं. “ही तुमची. तुमी डबा आणत न्हाईत.”

रोज डब्याच्या सुट्टीत बाई पोरांना सांगायच्या, ‘मी घरून जेवून आले.’ सगळ्यांना ते पटलं होतं, हिला सोडून. बाई म्हणाल्या, “ऋतुजा, एकच भाजायची बाळा. एकच.”

ऋतुजानं लई वेळ विचार केला. मागं वळून आजीला म्हणाली, “आज्जी, तू घरी खा.” आणि जीभ बाहेर काढून तिनं चौथा गोल काळाकुट्ट केला. एक रेघ बाहेर गेली नाही.

“आला! फोकस आला!” सरांनी कागद मशीनमध्ये सारला. लाल दिवा. “चूक. गाय दुसऱ्या गोलात होती.”

“न्हाई सर, तिचं बरोबर हाय,” बाई उठल्या. “चूक शिकवणं मला जमायचं न्हाई.”

त्यांनी तो कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि रडतच बाहेर पडल्या. साखराबाईंनी नातीचं दप्तर उचललं. नबीलला काखेत मारून बिलकीसही मागोमाग निघाली.

फ्लेक्सवर आता सत्यमचा फोटो आहे, ‘रेणापुरात प्रथम’. बाईंच्या अंगणात दिवाळीनंतर नऊ पोरं आली. नऊ पोरांवर आरतीचं वर्ष कसं पार पडणार, ते बाईंना अजून कळलेलं नाही. रात्री झोप लागत नाही. पण दुपारचा डबा मात्र त्यांना आता चुकवता येत नाही. ऋतुजा आधी बाईंच्या डब्याचं झाकण उघडून बघते, मग स्वतःचा उघडते.