चौथ्या घंटेचा निरोप

इंग्लंडमधल्या आमच्या होमफ्लीट गावात कुणी कुणाला काही विचारत नाही. याला आम्ही सभ्यपणा म्हणतो. शेजारी महिनाभर दिसला नाही तरी आम्ही त्याच्या बायकोशी हवापाण्याबद्दल बोलतो, आणि तो वारल्याचं कळलं की केक घेऊन जातो. गावातले केक बहुतेक मीच करते. म्हणजे या प्रकरणात माझाही हात आहे, चांगला कोपरापर्यंत पिठाने माखलेला.

चर्चच्या मनोऱ्यात सहा घंटा आहेत. एका घंटेला एक दोर, एका दोराला एक माणूस. माझा नवरा बर्नार्ड आमचा म्होरक्या. सगळ्यात मोठी, सहावी घंटा त्याची; दुसरी माझी. पहिली आणि तिसरी कसाई आणि त्याची बायको वाजवतात. पाचवी नेव्हिलची. तो पूर्वी बस चालवायचा, आता नुसतं तोंड चालवतो. चौथी घंटा म्हातारा विल्फ गेल्यापासून मुकी पडली होती. पाचांनी सहा घंटांचं वाजवणं म्हणजे पुढचा दात पडलेल्या माणसाने शीळ घालणं. मग इंगूना आली.

इंगूना पूर्व युरोपातल्या लॅटव्हियाची. डॅफोडिलच्या फुलांच्या शेतावर मजुरीला आली आणि पुढे तिथली मुकादम झाली. एका गुरुवारी संध्याकाळी आमचा सराव ऐकून तिने सायकल थांबवली आणि दारात उभी राहून म्हणाली, "हे मला शिकता येईल का?" सरळ प्रश्न विचारणारं माणूस आम्हाला नवीनच होतं. बर्नार्डने तिला शिकवलं. पहिल्या हिवाळ्यात तिच्या तळहातांची सालटी निघाली. "ओढू नकोस गं पोरी, सोड तिला! ती आपली आपण परत येते," असं तो ओरडायचा आणि घरी येऊन मला तिच्यासाठी मलम शोधायला लावायचा. आम्हाला मूलबाळ नाही. बर्नार्ड ते कधी बोलून दाखवत नाही, पण दर गुरुवारी तो दाढी करायला लागला होता.

याच बर्नार्डने मतदानाच्या वेळी आमच्या खिडकीत फलक लावला: युरोपियन युनियनमधून बाहेर पडा. मीही तसंच मत दिलं. का दिलं ते आता धड सांगता येत नाही. दवाखाना बंद झाला होता, बस बंद झाली होती, कुणावर तरी राग काढायचा होता. इंगूना दर गुरुवारी आमच्या भिंतीला, बरोबर त्या फलकाखाली, सायकल टेकवून आमच्याबरोबर चर्चला यायची. एकदा म्हणाली, "बर्नार्ड, तुमचा फलक खालून सुटलाय. चिकटवून घ्या." बर्नार्डचे कान लाल झाले. "ते तुझ्याबद्दल नाही हं, पोरी. तू आमचीच." तिने मान हलवली. त्याने फलक मात्र चिकटवून घेतला.

पुढे तीन वर्षं देश निघायच्या तयारीतच होता. मार्चअखेरची तारीख ठरली, आणि ती जवळ आली तसा संसदेत नुसता गोंधळ. हा करार नको, तो करार नको, करार न करता जायचंही नको. टंचाई झाली तर असावा म्हणून बर्नार्डने माळ्यावर डबाबंद घेवडा भरून ठेवला.

"अरे, तुझ्या त्या लोकांना बाहेरचं दार कुठं आहे ते तरी ठाऊक आहे का?" नेव्हिल त्याला डिवचायचा.

"माझे लोक? तू कुणाला मत दिलंस रे?"

"मी? मी गुपचूप दिलं," नेव्हिल म्हणायचा. म्हणजे त्यानेही तेच दिलं होतं.

दुकानात बायका कुजबुजायच्या, या शेतावरच्या लोकांचं आता काय होणार, राहतील की जातील. इंगूना आत आली की सगळ्याजणी बटाट्यांकडे बघायच्या.

अशात मार्चच्या सुरुवातीला इंगूना मला म्हणाली, "ऑड्री, तुमच्याकडे रिकामे खोके आहेत का? मोठे हवेत. सामान भरायचंय."

मी "हो हो, आहेत की," म्हटलं आणि माळ्यावर गेले. घेवड्याचे डबे काढून खोके रिकामे केले. कुठे चाललीस, एवढं विचारायला काय लागत होतं? पण विचारलं असतं तर ती म्हणाली असती, "तुम्ही मत दिलंत ना?" मला ते ऐकायचं नव्हतं. मी खोके दिले आणि वारा फार सुटलाय म्हटलं.

रात्रीच्या जेवणाला मी बर्नार्डला सांगितलं. त्याने काटा खाली ठेवला.

"तिला विचारलंस?"

"तू विचार की."

"मी कसा विचारू?" तो म्हणाला. मग काटा परत उचलून म्हणाला, "तिला रीतसर निरोप द्यायचा. विल्फला दिला तसा. माझ्या बापाला दिला तसा."

आमच्या मनोऱ्याची ही जुनी रीत आहे. आमच्यातला कुणी गाव सोडून निघाला किंवा देवाघरी गेला, की त्या संध्याकाळी त्याच्या दोराला हात लावायचा नाही. बाकीच्यांनी वाजवायचं आणि त्याच्या घंटेची जागा मोकळी सोडायची. गाव सोडणाऱ्याने खाली चर्चच्या आवारातल्या जुन्या यूच्या झाडाखाली उभं राहून ती मोकळी जागा ऐकायची. तुझ्यावाचून असं भोक राहतं, हे त्याला कळावं म्हणून. याहून मोठा मान आमच्याकडे नाही, आणि तो एकदाच मिळतो. त्यानंतर त्या माणसाने आमचा दोर धरायचा नसतो.

आम्ही पाचांनी सगळं ठरवलं. तिला आधी कळू द्यायचं नाही, असंही ठरलं. मी केक केला आणि वर साखरेने 'इंगूना, सुखाने जा' असं लिहिलं. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तसे आम्ही निरोपाला उतावळे झालो होतो.

ठरलेल्या गुरुवारी ती उशिरा आली, धापा टाकत जिना चढून. हातात पत्र्याचा डबा, चेहरा खुललेला. डब्यातून बेकन भरलेल्या पावांचा वास येत होता. तिच्याकडे सणाला करतात ते. काहीतरी सांगायला तिने तोंड उघडलं, तेवढ्यात बर्नार्ड पुढे झाला. त्याचे डोळे आधीच भरले होते.

"पोरी, आज तू दोर धरायचा नाहीस. खाली यूपाशी जाऊन उभी राहा."

तिला रीत माहीत होती. त्यानेच सांगितली होती. तिने एकेकाकडे बघितलं. "कोण जातंय?"

"कोण म्हणजे? तू!" नेव्हिल हसून म्हणाला. बाकी कुणी हसलं नाही.

"मी?"

तिची नजर केकवर गेली. तिने ती अक्षरं वाचली. कसायाची बायको हुंदके द्यायला लागली होती. इंगूनाने डबा बाकावर ठेवला, "बरं," म्हणाली आणि जिना उतरून गेली. मला तेव्हाच कळायला हवं होतं. जाणारं माणूस असं 'बरं' म्हणत नाही.

आम्ही वाजवलं. खरं सांगते, इतकं नेटकं आम्ही कधीच वाजवलं नव्हतं. एक, दोन, तीन, मग ती जागा, मग पाच, सहा. बर्नार्डच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि हात मात्र घड्याळासारखे चालत होते.

ती वर आली. सगळ्यांशी हस्तांदोलन केलं. केकचा तुकडा घेतला, बशीतला शेवटचा कण संपेपर्यंत खाल्ला आणि बशी नीट खाली ठेवली. मग आमच्याच सभ्य आवाजात म्हणाली, "फार छान वाजवलंत. मी सांगायला आले होते की विल्फचं घर मी घेतलंय. चर्चच्या भिंतीपलीकडचं. खोके त्यासाठी हवे होते. आता मनोऱ्यात यायला सायकल लागणार नाही, असं मनात आलं होतं."

आणि बर्नार्ड जे बोलू नये तेच बोलला.

"म्हणजे... तुला राहू देतात?"

"देतात," ती म्हणाली. "दहा वर्षं झाली मला इथे. तुम्ही कुणी विचारलं नाहीत."

तिने न उघडलेला डबा उचलला आणि ती गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओवर सांगितलं की देशाचं जाणंही पुढे ढकललंय. नवी तारीख देऊन आजचं मरण उद्यावर. बर्नार्डने उठून रेडिओ बंद केला, खिडकीतला फलक काढला. काचेवर चिकटपट्टीचे डाग राहिले. ते अजून निघत नाहीत.

आठवड्याने आम्ही दोघं तिच्या फाटकाशी गेलो. ती दाराला निळा रंग देत होती. माफी मागायची असं बर्नार्ड रस्ताभर घोकत आला होता.

"रंग छान आहे," तो म्हणाला.

"हो ना? चहा घेणार?"

"नको, नको. वारा कमी झालाय आज." त्याने टोपी काढली, परत घातली. "गुरुवारी... चौथी घंटा..."

तिने ब्रश खाली ठेवला. ती रागात नव्हती. असती तर बरं झालं असतं.

"बर्नार्ड, तुम्ही मला निरोप दिलात. मी खाली उभी राहून ऐकला. त्यानंतर दोर धरायचा नसतो, तुम्हीच शिकवलंत." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ऑड्री, केक खरंच छान होता."

बर्नार्डने नुसती मान हलवली. रीत मोडून टाक, आम्ही चुकलो, एवढं तरी मी म्हणायचं. मीही ते म्हटलं नाही. जनाची नाही निदान मनाची तरी लाज असावी म्हणतात. ती होती, भरपूर होती. तिनेच तर तोंड शिवून टाकलं होतं. परतताना फाटक मी हळूच लावलं.

पुढच्या गुरुवारी आम्ही पाचजण दोरांपाशी उभे राहिलो. मनोऱ्याच्या खिडकीतून तिचं अंगण दिसतं. आम्ही सुरुवात केली तशी ती हात पुसत घराबाहेर आली आणि चर्चच्या भिंतीला लागून उभी राहिली, मान वर करून, त्या दिवशी यूखाली उभी असेल तशीच. एक, दोन, तीन, मग ती जागा. दर वेळी ती जागा आली की तिचा उजवा हात किंचित वर जायचा आणि रिकामाच खाली यायचा.

बर्नार्डने ते पाहिलं. "थांबा," तो मध्येच म्हणाला, आणि घंटा एकेक करून थांबल्या. तो दोर बांधून जिना उतरून गेला. आम्हाला वाटलं, तिच्याकडेच गेला. खिडकीतून बघितलं तर तो यूखालून सरळ घराच्या वाटेला लागला होता आणि ती त्याच्याकडे बघत भिंतीशी उभी होती.

मी घरी पोचले तेव्हा तो अंधारात बसला होता. मी दिवा लावला, चहा ठेवला. काय झालं ते विचारलं नाही.