हाय लेथच्या वाटेवरची काठी

मित्रांनो, मला पाहाल तर म्हणाल, ही तर एक जुनी काठी. खरे आहे. माझे अंग हेझल नावाच्या झुडपाच्या फांदीचे आणि मूठ मेंढ्याच्या शिंगाची. इंग्लंडच्या उत्तरेला, यॉर्कशरच्या माळरानावर हाय लेथ नावाचे एक शेतघर होते. त्या घरामागच्या ओहोळाकाठी मी वाढले. घराचा मालक ईनॉक ग्रीनवूड. त्याने मला हिवाळ्यात तोडले, वर्षभर माळ्यावर वाळवले, मग शिंग उकळून, वाकवून मला मूठ बसवली. एवढी मेहनत त्याने स्वतःसाठी घेतली नव्हती. मला त्याने डोरीनबाईंना दिले.

डोरीन सगडन खालच्या गावात राहत. कापडाच्या गिरणीत त्या मागावर काम करायच्या. गिरणी बंद पडली, तेव्हा त्यांनी एक नवाच उद्योग सुरू केला. शंभरेक वर्षांपूर्वी त्या गावच्या डॉक्टरांच्या मुलीने एक कादंबरी लिहिली होती. माळावरचा एक क्रूर शेतकरी आपल्या बायकोला खोलीत कोंडून ठेवतो, आणि ती तिथेच झुरून मरते, अशी तिची गोष्ट. पुस्तक जगभर गाजले होते. डोरीनबाईंना ते जवळजवळ पाठ होते. वाचक लांबून येत आणि बाई त्यांना पुस्तकातल्या वाटा पायी हिंडवून दाखवत. शेवटचा मुक्काम हाय लेथ, कारण तो शेतकरी म्हणजे ईनॉकचा पणजोबा, असे गावात बोलले जाई.

ईनॉकला त्याचे काही वाटत नसे. डोरीनला त्याने लहानपणापासून पाहिले होते. ती दुधाला यायची. वाट दलदलीची, म्हणून त्याने मला तिच्या हाती ठेवले. त्याची बायको एडा पाहुण्यांना आल्याचा केक द्यायची. त्या दिवसांत मला माझा फार अभिमान वाटे. लोक माझी मूठ कुरवाळत. मी पुढे आणि माणसे माझ्या मागे.

पुढे त्या कादंबरीवर टीव्हीवर मालिका आली. बसगाड्या भरून लोक येऊ लागले, आणि डोरीनबाईंची गोष्ट वाढत गेली. घराला उत्तरेकडे एक छोटी खिडकी होती. बाई मला उचलून तिच्याकडे रोखत आणि हलक्या आवाजात म्हणत, हीच ती खिडकी.

एडा हसायची. "अगं, त्या खिडकीत मी चीज ठेवते. सांग की त्यांना."

"चीज बघायला कोण डोंगर चढणार, एडा?" डोरीनबाई म्हणाल्या, आणि दोघीही हसल्या.

मग एडा आजारी पडली. तिला जिना चढवेना, म्हणून ईनॉकने उत्तरेच्या खोलीतले चीज काढून तिथे तिचा पलंग मांडला. तो गावात डोरीनबाईंकडे आला. टोपी हातात धरून उभा राहिला आणि म्हणाला की, थोडे दिवस माणसे वर आणू नकोस, तिला आवाज सोसत नाही. डोरीनबाईंनी कबूल केले. मनापासूनच केले असावे.

पण आठवड्याभरातच फार लांबून एक मोठा गट आला. बाईंनी आधी नाही म्हटले. लोक हिरमुसले. कोणीतरी म्हणाले, आम्ही तेवढ्याचसाठी आलो होतो. तेव्हा बाई म्हणाल्या की, कुंपणापर्यंत जाऊ, पुढे नाही.

कुंपणाच्या दगडी भिंतीपाशी त्या थांबल्या. सवयीने त्यांचा हात उठला आणि मी त्या खिडकीकडे रोखली गेले. सवयीनेच त्यांनी गोष्टही सांगितली. गटातला एक तरुण भिंतीवरून उडी मारून गेला, त्याने काचेला नाक लावले आणि कादंबरीतल्या बायकोच्या नावाने मोठ्याने हाक मारली. आतून खोकला ऐकू आला. तो दचकून मागे सरला.

ईनॉक बाहेर आला. "माझी बायको झोपलीय आत," तो म्हणाला.

गटातली एक बाई हसत बोलली, "म्हणजे तुमच्या घराण्यानं आणखी एक कोंडलीय म्हणायची."

सगळे हसले. डोरीनबाई हसल्या नाहीत. पण त्या काही बोलल्याही नाहीत. त्यांची पकड माझ्या मुठीवर इतकी घट्ट झाली की त्यांचा घाम मला जाणवत होता.

वसंत यायच्या आधीच एडा गेली. दफनाला डोरीनबाई सर्वांत मागे उभ्या होत्या. ईनॉकने मेंढ्या विकल्या आणि समुद्राकाठी पुतणीकडे जायचे ठरवले. तो निघाला त्या सकाळी बाई वर गेल्या. त्यांना माफी मागायची होती. पण आधी ईनॉकच बोलला.

"माझा पणजोबा कसा होता, मला ठाऊक नाही. तुलाही नाही. पण एडा कशी होती, हे तुला ठाऊक होतं, डोरीन."

बाईंनी मला त्याच्यापुढे धरले. त्याने मला घेतले नाही.

"राहू दे तुझ्याकडेच. वाट निसरडी आहे," तो म्हणाला, आणि गाडीत बसला.

त्यानंतर डोरीनबाईंनी मला कधी कुणाकडे रोखले नाही. हाय लेथपाशी पोचल्यावर त्या एवढेच सांगत: "इथे एडा ग्रीनवूड राहायची. आल्याचा केक फार छान करायची." लोक एकमेकांकडे पाहत. हे पुस्तकात कुठल्या पानावर आहे, असे एकाने विचारलेही. हळूहळू माणसे दुसऱ्या वाटाड्यांकडे वळली. हाय लेथचे छप्पर कोसळले. बाई थकल्या, आणि एक दिवस त्याही गेल्या.

आता मी गावातल्या माहिती केंद्राच्या कोपऱ्यात उभी असते. माझ्या मुठीला कीड लागली नाही, पण हातही लागत नाही. मला त्याचे दुःख नाही. दुःख याचे आहे की त्या दिवशी कुंपणापाशी 'आत एडा आहे, ती आजारी आहे' एवढे एक साधे वाक्य बोलायचे राहून गेले, आणि ते आता कुणीच बोलू शकत नाही.

मित्रांनो, आवडत्या पुस्तकातली गावे, डोंगर, घरे पाहायला अवश्य जा. वाटेवरची भिंत मोडू नका, गवत तुडवू नका, हे तर तुम्हाला सगळेच सांगतील. मी एवढेच सांगते: त्या घरात माणसे असतील, तर पुस्तक पिशवीत ठेवा आणि आधी दार वाजवा. आतून कुणी "कोण?" म्हणाले, तर आपले नाव सांगा आणि त्यांचे विचारा.