जुन्या गाभ्याचं नाव

मच्छीमार संघाच्या कचेरीत संगणकाला चौथा पडदा जोडला आणि यंत्र अडून बसलं. चौघं एकदम कामाला लागली की ते नवं काम घेईना. कंपनीच्या माणसाने मुंबईहून ट्रंककॉलवर उपाय सांगितला. कर्नल म्हणजे यंत्राचा गाभा. त्यात एका वेळी किती कामं चालवायची याचा आकडा असतो. तो साठाचा दीडशे करा, नवा गाभा बांधा आणि यंत्र बंद करून सुरू करा.

"नाही सुरू झालं तर?" संगणक सांभाळणाऱ्या काशिनाथने विचारलं.

"आम्ही येऊ. डिस्क पुसून सगळं नव्याने घालू."

काशिनाथने फोन ठेवला. त्या डिस्कवर अकराशे होड्यांची नोंद होती. ती सगळी त्याच्या बायकोने टाइप केली होती. शेवटच्या होडीचं नाव अर्धं झालं आणि पोटात दुखतं म्हणून ती उठली. त्या खुर्चीवर ती परत बसली नाही. ते अर्धं नाव त्याने कुणाला पुरं करू दिलं नव्हतं. नोंदीची प्रत असलेल्या टेपला पावसात बुरशी आली होती, नवी टेप अजून यायची होती, आणि अध्यक्षांनी शनिवारची मुदत घातली होती.

शनिवारी सकाळी तो बसला. आधी जुन्या गाभ्याची प्रत ठेवायची, तिला विसरणार नाही असं नाव द्यायचं. त्याने नाव टाइप केलं. मग आकडा बदलला, गाभा बांधला, यंत्र बंद केलं.

सुरू केल्यावर दोन ओळी आल्या. तिसरीत एकच इंग्रजी शब्द, 'पॅनिक', घाबरल्याचा. पुढे काही नाही.

शिपाई धोंडू दारातून पुढे आला. "भाऊनू, काय म्हणता ता?"

"भियालाहा म्हणता."

"तुमच्यापेक्षा जास्त?"

काशिनाथ हसला नाही. त्याने यंत्र परत बंद करून चालू केलं. आता ते विचारत होतं, कुठला गाभा घेऊ? एक अक्षर चुकलं, ते खोडलं. सावकाश सात अक्षरं टाइप केली आणि बटण दाबलं.

बराच वेळ काही नाही. मग एकामागून एक ओळी चढत गेल्या.

त्याने नोंद उघडली. अकराशे होड्या होत्या. खाली ते अर्धं नावही होतं.

"आकडो मोठो झालो," तो म्हणाला. "सोमवारी ऐंशी घालून बघूया."

"ता बघा. पण जुन्याचा नाव माका सांगून ठेवा. तुमी नसलात नि ह्यां परत भियाला तर?"

काशिनाथने टेबलावरची पेन्सिल उचलली. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, पण चारचौघांच्या रितीने त्याने ते नाव कधी तोंडाने घेतलं नव्हतं. ती असताना 'अगो' म्हटलं की पुरत होतं.

"कागदार लिवन दितंय," तो म्हणाला.

"माका वाचूक खंय येता?"

काशिनाथने पडद्याकडे पाहिलं.

"नर्मदा," तो म्हणाला.