दोन सूत जास्त

मित्रांनो, काही वर्षांपूर्वी मला भेटायचं म्हटलं असतं, तर तुम्हाला एका पिकअपखाली उताणं झोपावं लागलं असतं आणि वरून तोंडावर चिखलही पडला असता. मी एक जुनी लोखंडी चकती आहे. तळहाताएवढी गोल, मधे मोठं भोक. माझ्यासारखीच माझी एक बहीण आहे. आम्हा दोघींना कुणी हार घातला नाही की आमचा फोटो काढला नाही. तरीही आमची गोष्ट सांगण्यासारखी आहे, निदान मला तरी तसं वाटतं.

चकती होण्याआधी मी श्रीरामपूरकडच्या एका साखर कारखान्यात जाडजूड शाफ्टच्या पोटात होते. वीस हंगाम मी गरगर फिरले. मग शाफ्ट मोडला, भंगारात गेला आणि त्याचा एक तुकडा नागापूरच्या एमआयडीसीत भिमाजीच्या पत्र्याच्या शेडमध्ये आला. तिथे मी दोन वर्षं दाराला अडण म्हणून पडून होते. जो येई तो मला ठेचकाळे आणि मलाच शिव्या देई.

१९९६च्या डिसेंबरात भिमाजीकडे त्याचा जुना सोबती बन्सी आला. बन्सी पक्का टर्नर. बावीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस. त्याची कंपनी बंद पडली, तेव्हा मिळालेल्या पैशातून त्यानं एक वापरलेली पिकअप घेतली होती. गाडीचं इंजिन ठणठणीत, पण पुढच्या स्प्रिंगा इतक्या बसलेल्या की गाडी सतत जमिनीचा वास घेत चालल्यासारखी दिसे. खड्डा आला की पुढून थाडकन आवाज येई.

"जय भीम, भिमाजी. लेथ मोकळं हाय का?" बन्सीनं विचारलं.

"तुला कधी न्हाई म्हनलोय का? पर काय काढलंस?"

बन्सीनं सगळं सांगितलं. श्रीरामपूरला मोनिकाबाईंची बेकरी होती. त्यांची खारी, टोस्ट आणि आयसिंगचे केक नगरच्या दुकानांत पोचवायचं काम त्याला मिळायच्या बेतात होतं. पण पहिल्याच फेरीत केक पुढे घसरला आणि सगळं क्रीम खोक्याच्या भिंतीला लागलं. बाई म्हणाल्या होत्या, "मामा, चोवीस तारखेला नाताळचे वीस केक जायचेत. ते नीट पोचले तर वर्षाचं काम तुमचं. नाहीतर मला दुसरी गाडी बघावी लागेल." कंपनी गेल्यापासून बन्सीच्या हाताला धड काम नव्हतं. हे काम त्याला हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं.

"नवीन स्प्रिंगा आत्ता झेपत न्हाईत," तो म्हणाला. "स्प्रिंगच्या डोक्यावर चकत्या घालून पुढनं गाडी उचलतो. एक आठ सूत जाड, एक दहा सूत."

आठ सूत म्हणजे एक इंच. भिमाजीनं विचारलं, "दोन वेगळ्या कशाला?"

"बुडबुड्याची लेव्हल लावून बघितली ना बंपरला. डावी बाजू बसलीय. लेव्हल काय खोटं बोलती व्हय?"

झालं. माझा तुकडा करवतीला लागला आणि बन्सीनं आम्हाला लेथवर चढवलं. काय त्याचा हात होता! मधलं भोक कोरताना मला गुदगुल्या झाल्या. कडा घासून त्यानं इतक्या गुळगुळीत केल्या की भिमाजीसुद्धा बोट फिरवून हसला. माझी बहीण आठ सुतांची झाली आणि मी दहा. खरं सांगते, माझी छाती फुगली. मी तिला म्हणाले, "मालकानं अवघड बाजू मलाच दिली बघ."

घरच्या अंगणात बन्सीनं जॅक लावून चाकं काढली आणि आम्हाला आपापल्या स्प्रिंगवर बसवलं. गाडी खाली उतरली तेव्हा तिचं सगळं ओझं अंगावर आलं आणि मला शाफ्टातले जुने दिवस आठवले. बन्सीनं बंपरवर लेव्हल ठेवली. बुडबुडा बरोब्बर मधे. "आक्के, ये, बघ!" त्यानं बायकोला हाक मारली. आक्काबाई भाकरीचे हात घेऊनच बाहेर आली. बघितलं, मान हलवली आणि पुन्हा चुलीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी श्रीरामपूरहून चाचणीसाठी एक केक निघाला. मोनिकाबाई स्वतः शेजारी बसल्या होत्या. राहुरी गेली, खड्डे गेले, एकदाही थाडकन आवाज झाला नाही. मला वाटलं, आता माझं कौतुक होणार. नगरला खोकं उघडलं आणि बाई हसायलाच लागल्या.

"बन्सीमामा, आधी केक पुढं पळत होता. आता उजवीकडं पळतोय!"

सपाट रस्त्यावर गाडी उजवीकडे कलली होती. बाई हसल्या, पण पुढे म्हणाल्या, "मामा, परवा चोवीस तारीख आहे." बन्सीला हसू आलं नाही.

घरी येऊन त्यानं गाडी रोजच्या जागी लावली आणि बंपरवर लेव्हल ठेवली. बुडबुडा मधेच. त्यानं लेव्हल उलटी करून ठेवली, तरी मधेच. तो मटकन पायरीवर बसला. "रस्ताच वाकडा आसंल," तो पुटपुटला. "बावीस वर्षं केसाएवढी चूक केली न्हाई मी. हे काम गेलं तर काय करू, आक्के?"

तोपर्यंत मला कळून चुकलं होतं की आम्हा दोघींत कोणीतरी चुकीची आहे, आणि ती माझी बहीण नव्हती.

आक्काबाई आत गेली. तिनं तांब्याभर पाणी आणलं आणि गाडीच्या उजव्या चाकापाशी ओतलं. पाणी गाडीखालून डावीकडे निघालं आणि सरळ पपईच्या बुंध्याशी जाऊन थांबलं.

"रस्ता न्हाई वाकडा," ती म्हणाली. "आंगन उतरतं हाय. मीच काढलाय उतार, पपईकडं. बारा वर्सं सांडपानी कुठं जातंय ते कधी बघितलंत का?"

अंगण ती इतकं सारखं सारवायची की उतार डोळ्याला दिसतच नसे. लेव्हल खरं बोलत होती, पण अंगणाबद्दल बोलत होती. बन्सीनं कपाळाला हात लावला. मग तो हसला आणि हसतच राहिला. "आन् हे मला आधी न्हाई सांगायचं?"

"तुमी इच्यारलं कुठं? तुमी त्या काचंतल्या बुडबुड्याला इच्यारत हुता!"

सकाळी मी पुन्हा भिमाजीच्या शेडमध्ये होते. तो म्हणाला, "टाक ती भंगारात. नवी कापू." मित्रांनो, तेवढ्या एका क्षणात मला ते दारातलं अडण आठवलं. पण बन्सीनं मला मुठीत धरलं होतं. "न्हाई रे. चूक तिची न्हाई, माझी हाय. फक्त दोन सूत काढू." लेथ सुरू झालं. दुखलं, खोटं कशाला बोलू? माझं ते दोन सुतांचं मिरवणं कुरळ्या चिपांसारखं खाली पडलं आणि मी बहिणीएवढी झाले. ती एवढंच म्हणाली, "आता बरी दिसतेस."

या वेळी बन्सीनं गाडी एमआयडीसीतल्या वजनकाट्यावर नेली. आधी लेव्हल काट्याच्या पत्र्यावर ठेवली, मग बंपरवर. दोन्हीकडे बुडबुडा मधे. आक्काबाईला मात्र तेवढ्यानं भागेना. चोवीस तारखेला ती गाडीत येऊन बसली ती पाण्यानं भरलेलं फुलपात्र घेऊनच. ते तिनं पायाशी ठेवलं आणि श्रीरामपूर ते नगर त्यावरची नजर हटू दिली नाही. मधे बसलेल्या मोनिकाबाई येशूचं नाव घेत होत्या. बन्सी एकेक खड्डा चुकवत होता. आणि आम्ही दोघी? आम्ही खालून जीव एकवटून भार पेलत होतो.

नगरला एकेक खोकं उघडलं. मला दिसत नव्हतं, पण बाईंचा आवाज ऐकू येत होता. "हा नीट. हाही नीट. अगं बाई, याच्यावरचं गुलाबाचं फूलसुद्धा हललं नाही!" विसावं खोकंही उघडलं. मग त्या म्हणाल्या, "मामा, उद्या सुट्टी घ्या. परवापासून रोज सकाळी सहाला या." बन्सी गाडीच्या पुढे आला. त्यानं पुढच्या मडगार्डवर हात ठेवला, नेमका माझ्या डोक्यावर. एवढं कौतुक मला जन्मभर पुरेल.

तीन वर्षं आम्ही ती पिकअप पेलली. ऊन, चिखल, राहुरीचे खड्डे, सगळं सोसलं. ९९ साली बन्सीला नव्या स्प्रिंगा परवडल्या आणि आमची गरज संपली. आम्ही अंगणातल्या एका डब्यात जाऊन पडलो. पाणी साचलं, गंज चढला. मी म्हणत असे, पुन्हा अडण तरी होऊ दे.

मित्रांनो, एखादी वस्तू निरुपयोगी वाटली, तर टाकण्याआधी तिला एकदा हातात घेऊन बघा. नुसतं थोडं घासलं-पुसलं तरी तिचं आयुष्य वाढतं. आणि मोजमाप कितीही अचूक असलं, तरी आपण कुठल्या जमिनीवर उभे आहोत, हे त्या जमिनीला रोज हात लावणाऱ्याला विचारत जा.

त्याच वर्षीच्या नाताळात मोनिकाबाईंचा केक घरी आला. आक्काबाईनं तो पपईखालच्या बाकड्यावर ठेवला आणि तो एका बाजूला सरकू लागला. तिनं केक उचलला, डब्यातून आम्हाला काढलं, राखेनं खसाखसा घासलं आणि बाकड्याच्या उताराकडच्या दोन पायांखाली सरकवलं. बन्सी धावत लेव्हल घेऊन आला आणि ती बाकड्यावर ठेवली. बुडबुडा बरोब्बर मधे.

"न मोजताच?" त्यानं विचारलं.

"मोजायचं काय त्यात? उतार माझाच हाय," असं म्हणून आक्काबाईनं केक कापायला घेतला.