वरची मूठ

दाणेवाले आजोबा नव्या दुकानात बसून तराजूची पारडी पुसत होते. सारा जन्म हातगाडीवर भाजके दाणे विकण्यात गेला. कुणी "ए, गाडी हलव!" म्हणून खेकसलं, की धगधगत्या शेगडीसकट पळायचं. आता मात्र नातीने दुकान थाटलं होतं. दुकानाची नोंदणी झाली, खाण्याचे जिन्नस विकायचा परवाना आला, कर भरायचा क्रमांकही मिळाला. राहिला होता फक्त तराजूवरचा सरकारी शिक्का. तो नसेल तर उद्या दुकान उघडायचं नाही.

"विजेचा काटा घेऊ म्हटलं, तर ऐकतील तर शपथ!" नात कुरकुरली.

"याच तराजूवर तुझ्या बापाला वाढवलंय," आजोबा म्हणाले.

इतक्यात वजनमापं तपासणाऱ्या बाई आल्या. त्यांनी रिकामा तराजू उचलून धरला, तर वजनाचं पारडं हळूच खाली झुकलं. बाईंनी ते उलटं करून पाहिलं. तळाशी नखाएवढी पितळी चकती डाग देऊन पक्की बसवलेली!

नातीचा चेहराच उतरला. "आजोबा, हे काय?"

"मीच बसवली. तुझा बाप रांगत होता तेव्हा."

"एवढ्या वयाचे तुम्ही, आणि मापात मारता?" बाईंचा आवाज चढला.

"अहो, चकती कुठल्या बाजूला आहे ते तरी बघा! वजनाकडे. म्हणजे दुसरीकडे दाणे जास्तच पडणार. गर्दीत माझा हात आखडायला नको, म्हणून तराजूलाच शिकवून ठेवलं."

बाईंनी मापून पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं. "म्हणजे लुटले गेलात ते तुम्हीच! पण आजोबा, जास्त देणारा तराजूही खोटाच. तुमची चकती या बाजूला, उद्या दुसरा कुणी त्या बाजूला लावेल. लोकांनी कुणाकुणाची पारडी उलटून बघायची? काटा मधोमध आला, तरच शिक्का."

नातीने पक्कड आणली खरी, पण तिचा हात काही पुढे होईना.

"आण इकडे," आजोबाच शेवटी म्हणाले. "मी बसवली, मीच काढतो."

चकती निघाली. काटा मधोमध उभा राहिला. ठक्कन शिक्का बसला. आजोबांनी त्यावरून अंगठा फिरवला. "आता म्हणा म्हणावं, गाडी हलव!"

दुसऱ्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक म्हणून समोरचा शिंपी आला. नातीने काटेकोर मापून दाणे पुडीत भरले, करासकट बिल हातात दिलं.

शिंपी पुडी हातात झुलवत म्हणाला, "काय आजोबा, कायदा आला आणि हात आखडला वाटतं?"

आजोबांनी दाण्यांच्या परातीत हात घातला, भरगच्च मूठ काढली आणि पुडीत सोडली.

"अहो आजोबा, मापात नाही हे!" नात हसत ओरडली.

"मापात कुठे घातलंय? माप सरकारचं, ते झालं चोख. ही मूठ आपल्या घरची."

नातीने परात त्यांच्या हाताशी सरकवली. आजोबा पाठ ताठ करून बसले आणि म्हणाले, "हं, पुढचा कोण?"