कचरूचा न आलेला कागद

तनुजाला माऊसचा भारी कंटाळा. औरंगपुऱ्यातल्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात बाकीचे फाईल खाली-वर सरकवत बसायचे. ही कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत एक कमांड हाणायची, ओळ ४०१ ते ६४० काढ, की काम खल्लास. आरोग्य शिबिरांचे रक्ताचे रिपोर्ट छापायचं काम. एका फाईलीत रांगेतल्या नंबरवार नावं, दुसरीत तपासणीचे आकडे; दोन्हींतून त्याच ओळी उचलायच्या आणि शेजारीशेजारी जोडायच्या. देवगाव रंगारी, तिचं स्वतःचं गाव, तिनं असंच पाच मिनिटांत उरकलं होतं.

आबांचा, म्हणजे वडील रामकिसनरावांचा रिपोर्ट तिनं फोनवर वाचून दाखवला. सगळं ठणठणीत. तेव्हा कुठं तिच्या जिवात जीव आला, कारण महिनाभर त्यांचे पाय सुजत होते. मग त्यांनी डॉक्टरकडं जायचं नावच काढलं नाही. वाईट निघाला तो शेजारच्या सारजाबाईंचा. दोन्ही किडन्या जवळजवळ गेलेल्या, ताबडतोब दाखवा.

मंगळवारी दुपारी ऑफिसातले सोमनाथसाहेब सहज म्हणाले, की देवगावच्या शेवटच्या माणसाचा, कचरूचा कागद आलाच नाही, आणि त्या गठ्ठ्यात आधीच्या शिबिरातला, अजिंठ्याचा एकजण घुसलाय. एक छापून टाक म्हणे.

एक आत, एक बाहेर. म्हणजे ओळी एकानं सरकल्या तर नाहीत? तिनं नावांच्या फाईलीची पहिली ओळ बघितली. तिथं माणूस नव्हताच. ‘नाव, गाव, वय’ असा मथळा होता. आकड्यांच्या फाईलीला मथळाच नव्हता. म्हणजे सगळी नावं एका ओळीनं खाली, आणि अख्ख्या गावाच्या हातात रांगेत आपल्या मागं उभ्या माणसाचा रिपोर्ट. अगं बये, एक ओळ बघायला किती वेळ लागला असता?

सारजाबाईंचा नंबर ५११. ५१२ कोण, हे तिला बघायचंच नव्हतं. बाईमाणूस उन्हात उभं, म्हणून आपण रांगेत त्यांच्या मागं सरकलो, हे आबांनीच तिला सांगितलं होतं.

तिनं फोन लावला तर आबा एसटीत होते.

“सारजावैनीला मोठ्या दवाखान्यात आणतोय. लई रडत्यात. म्या म्हणलं भिऊ नका, म्या हाय ना धडधाकट.”

तिनं पाय कसे आहेत विचारलं. चप्पल जात नाय आता, पर रिपोर्ट चांगलाय तर काय, असं ते म्हणाले.

“आबा, उतरल्यावर केसपेपर तुमच्या नावानं काढा.”

“कामून गं?” आबा हसले. पोरगी काय म्हणतीय, असं शेजारून सारजाबाईंनी विचारलेलं तिला ऐकू आलं.