मास्तरांनी घेतलेलं माप

कापड कापायचं टेबल दुकानाच्या त्या खोलीतच जन्मलं होतं. सुतारानं फळ्या आत आणल्या, आतच ठोकल्या, आणि पॉलिश वाळल्यावर कुणाच्या तरी ध्यानात आलं की हे आता दारातून कधीच बाहेर निघणार नाही. "मग आम्हीही निघणार नाही," कटिंगमास्तर तेव्हा म्हणाले होते. त्याला पस्तीस वर्षं झाली.

आता मालकाला खोली विकायची होती. "पहिला हक्क तुमचा," तो म्हणाला होता. "महिनाअखेरपर्यंत सांगा." माणूस वाईट नव्हता. त्यानं सांगितलेला आकडा वाईट होता.

मास्तरांना दीड वर्षापूर्वी पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. सगळे शब्द भुर्रकन उडून गेले आणि एकच मागे वळचणीला बसून राहिला: "लिही." जन्मभर ते गिऱ्हाइकाच्या अंगाला टेप लावत आणि स्टुलावर बसलेली लेक मापं वहीत उतरवून घेई. प्रत्येक मापाआधी ते म्हणत, लिही. आता भूक लागली की लिही, पंखा हवा की लिही, चहात साखर कमी पडली की जरा चढ्या आवाजात लिही.

"एवढं लिहून घेतलं असतं तर माझी चार पुस्तकं झाली असती," मास्तरांची बायको काजं करता करता म्हणे. मास्तर डाव्या गालानं हसत. उजवा गाल अजून रुसलेला होता.

घरी ते भिंतीकडे तोंड करून पडून राहत. पण खोलीत आणून टेबलाशी बसवलं की पाठ आपोआप सरळ होई, डावा हात कापडावरून फिरू लागे, सुरकुती सापडली की मोडून काढी. म्हणून मायलेकी रोज सकाळी त्यांना धरून आणत. खोली गेली तर टेबल तोडावं लागणार होतं. टेबल तुटलं तर मास्तरांचं काय, हे मात्र दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. बोललं की ते खरं होऊन बसतं.

अशात एक जुनं गिऱ्हाईक आलं. काखेत कोट, पुढे पोट.

"काकू, हा सैल करायचाय. कोट तोच आहे, मीच पुढं गेलोय."

मास्तरांच्या बायकोनं अस्तर उसवून पाहिलं. शिवणीत दीड इंच कापड दुमडून ठेवलेलं होतं. "मास्तरांना ठाऊक होतं तू पुढं जाणार. जागा ठेवलीय तुझ्यासाठी."

तो हसला. मग मास्तरांच्या शेजारी बसून त्यांचा निजलेला हात हातात घेतला आणि सहज विचारलं, "मास्तर, त्या नाण्यांचं काय केलंत?"

"कसली नाणी?" बायकोनं विचारलं.

तेव्हा कळलं ते असं. बारा-तेरा वर्षांपूर्वी तो विद्यार्थी होता. नोकरीच्या मुलाखतीला कोट हवा होता आणि खिशात दमडी नव्हती. होती ती नुसती कॉम्प्युटरातली नाणी, बिटकॉइन, ज्यांना तेव्हा कुणी विचारत नव्हतं. मास्तर म्हणाले होते, "तुझे पैसे हवेतले असले तरी चालेल, माझा कोट अंगावर बसला म्हणजे झालं." मग त्यानं दुकानातल्या कॉम्प्युटरवर एक पाकीट तयार केलं, म्हणजे कुलूप लावलेली एक फाईल, आणि त्यात दोन नाणी आणि पाव भाग टाकला.

"म्हटलं, पासवर्ड स्वतःच टाका, जन्मात विसरणार नाही असा. आणि मी पाठ फिरवली. मास्तरांनी एका बोटानं ठोकत ठोकत टाकला."

आज त्या दोन आणि पाव नाण्यांचे किती होतात ते त्यानं सांगितलं. मास्तरांची बायको खुर्ची शोधू लागली. ती खुर्चीवरच बसलेली होती.

कॉम्प्युटर कधीच भंगारात गेला होता. पण देताना मास्तरांनी त्याच्या पोटातली हार्ड डिस्क काढून ठेवली होती, आणि ती कशासाठी, तर कागदी साचे कापडावर ठेवले की उडतात, त्यांच्यावर ठेवायला. "असा चपटा, जड दाब विकत मिळत नाही," ते म्हणाले होते. तेव्हापासून ती लोखंडी डबी टेबलाच्या कोपऱ्यात खडूच्या भुकटीत पांढरी होऊन बसली होती. रोज कुणाच्या ना कुणाच्या बाहीवर, कॉलरवर बसे. खोली वाचवणारं धन खोलीतच, डोळ्यांसमोर, ओझं होऊन पडलेलं.

जुन्या डिस्कमधून माहिती काढणारी एक बाई शहराच्या दुसऱ्या टोकाला होती. तिनं डबी कानाशी धरून हलवली आणि म्हणाली, "आत टाचणी गेलीय का?" टाचणी नव्हती, बारीक धूळ होती आणि मोटर अडकली होती. तिनं दोन आठवडे घेतले. डिस्क फिरली, फाईल सापडली, आणि तिच्या तोंडाशी कुलूप.

महिना सरायला चार दिवस उरले असताना ती लॅपटॉप घेऊन स्वतःच दुकानात आली. दुपारची वेळ होती. लेक मशीनवर होती, आई बटणं लावत गुणगुणत होती,

सुई गेली पुढे, दोरा आला मागे,
जिथे पडले छिद्र, तिथे तोच लागे.

डिस्कवाली टेबलाशी टेकली तेव्हा मास्तरांनी डावा हात पुढे करून तिच्या कोटाची बाही धरली, ती मनगटाखाली उतरली होती, आणि एक घडी वर दुमडून दिली. "लिही," ते म्हणाले.

"बाही लांब आहे म्हणतायत," लेक म्हणाली.

"तयार घेतलाय हो, मास्तर," डिस्कवाली ओशाळून म्हणाली. मग लॅपटॉप उघडला. "काकू, तुम्ही दिलेलं सगळं टाकून पाहिलं. जन्मतारखा, दुकानाचं नाव, फोन नंबर, लग्नाची तारीख."

"लग्नाची तारीख तर वायाच घालवलीस. ती यांना लग्नाच्या दिवशीही माहीत नव्हती. माझं काही लक्षात राहत असेल तर शपथ."

लेकीनं खुर्ची ओढून वडिलांसमोर बसून विचारलं, "बाबा, दुकानातल्या कॉम्प्युटरला काय पासवर्ड टाकला होता? कोटवाल्या मुलानं सांगितलं तेव्हा?"

"लिही," मास्तर म्हणाले, आणि खुंटीवरच्या टेपकडे हात केला.

आईनं उठून तो हात हळूच खाली घेतला. "दोन आठवडे हेच चाललंय बघ. जरा विचारलं की टेप मागतात. कामाची आठवण येते, दुसरं काय." तिचा आवाज ओलावला, म्हणून तिनं तोंडात दोरा धरला.

डिस्कवालीनं मास्तरांकडे पाहिलं, मग खुंटीकडे. "काकू, चहा हवा असला की टेप मागतात?"

"छे. चहाला कशाला टेप?"

"पंखा लावायला?"

आईनं तोंडातला दोरा काढला.

"म्हणजे पासवर्डचं विचारलं तरच मागतात," डिस्कवाली म्हणाली. "आणि वर लिही म्हणतायत. मग तुम्ही लिहीत का नाही?"

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. शहाण्या माणसांच्या तोंडावर कधीकधी जो गाढवपणा उमटतो, तो दोघींच्या तोंडावर एकदमच उमटला. लेकीनं वही घेतली, लहानपणीचं स्टूल पायानं ओढलं. आईनं टेप काढून मास्तरांच्या गळ्यात घातली.

त्यांनी बायकोला बोटानं खूण केली. ये.

"मी? माझं माप कशाला?"

"लिही," मास्तर म्हणाले.

ती समोर उभी राहिली. लेकीनं टेपचं एक टोक धरलं, मास्तरांनी दुसरं. टेप छातीभोवती फिरली.

"एक्केचाळीस," लेकीनं वाचलं आणि लिहिलं.

मास्तरांनी टेबलावर थाप मारली. टेप ओढून घेतली, सरळ मांडीवर पसरली आणि अंगठा तिच्यावरून मागे सरकवत नेला, चाळीस, अडतीस, पस्तीस, आणि बत्तीसवर थांबले.

"बाबा, बोट सरकलं तुमचं." लेकीनं अंगठा उचलून एक्केचाळीसवर ठेवला. त्यांनी तो पुन्हा बत्तीसवर नेला. तिनं पुन्हा उचलला.

"राहू दे," आई म्हणाली. अगदी हळू. "राहू दे त्यांचं बोट. बरोबर आहे ते."

ती खाली बसली, मास्तरांच्या गुडघ्याशी.

"मी बावीस वर्षांची होते. पहिली नोकरी लागली म्हणून कोट शिवायला आले होते. तेव्हा हे नुकतेच मास्तर झालेले. टेपखाली स्वतःची दोन बोटं ठेवून माप घेत होते. मी म्हटलं, बोटं कशाला मध्ये? तर म्हणाले, तुमच्या श्वासाला जागा ठेवतो." ती डोळे पुसत हसली. "त्या कोटाचं पुढं तुझं शाळेचं जाकीट केलं. वही वाळवीनं खाल्ली. अहो, आता त्या मापात माझा दंडसुद्धा मावायचा नाही."

"लिही," मास्तर म्हणाले. यावेळी त्या शब्दाला जरा मिशा फुटल्या होत्या.

लेकीला क्रम पाठ होता, तो कधी बदलला नव्हता. ती विचारत गेली आणि अंगठा थांबत गेला. लांबी? अठ्ठावीस. छाती, बत्तीस. कंबर, सव्वीस. खांदा चौदा. बाही बावीस. बोट कुठंही अडखळलं नाही. स्वतःचं नाव विसरलेल्या जिभेखाली, निजलेल्या हाताच्या शेजारी, एका मुलीचा कोट चाळीस वर्षं घडी न मोडता ठेवलेला होता.

डिस्कवालीनं दहा आकडे सलग टाकले. पडद्यावर एक गोल थोडा वेळ फिरला.

"उघडलं," ती म्हणाली. "दोन आणि पाव. जशीच्या तशी आहेत."

लेकीनं तळहात टेबलावर टेकवला आणि तसाच ठेवला, गुराच्या पाठीवर ठेवावा तसा. मग फोन उचलून ती दारात गेली. मालकाशी बोलताना तिचा आवाज आत येत होता. "हो, आम्हीच घेतोय. टेबलासकट. नाहीतरी ते निघणारच नाही."

डिस्कवालीनं बाही दुमडलेलीच ठेवून लॅपटॉप बंद केला. "कोट ठेवून जा," आई तिला म्हणाली. "परवा ये. बाहीवर मास्तर खूण करतील, मी उसवीन."

मास्तरांनी पुन्हा टेप हातात घेतली होती. पुन्हा तीच खूण. ये.

"आता काय? उघडलं ना तुमचं पाकीट?"

त्यांनी मान हलवली, आणि तिच्या खांद्यावरच्या विटक्या कोटाला हात लावला. कोपरावर त्याला ठिगळ होतं. ठिगळही विरलं होतं.

ती उभी राहिली. लेक दारातून आत आली आणि तिनं टेपचं टोक धरलं. टेप छातीभोवती फिरली. मास्तरांचा डावा हात चिमटीत दोन्ही कडा धरून थांबला आणि उजवा मांडीवर पडून राहिला. काहीतरी राहून गेल्यासारखे ते त्या उजव्या हाताकडे पाहू लागले.

तिला कळलं. तिनं स्वतःची दोन बोटं टेपखाली सरकवली.

मास्तरांनी चिमूट सैल केली, पुन्हा धरली. एक्केचाळीसवरून टेप बेचाळीसवर गेली.

"लिही," ते म्हणाले.

आणि लेकीनं लिहिलं.